वाहन सल्ला : इंजिनाचा पिवळा दिवा

प्रश्न : आमच्याकडे २०१४ सालची पेट्रोलवर चालणारी सेडान असून ती आतापर्यंत ८६,००० किलोमीटर चालली आहे. रोज इंदिरानगरहून सातपूरला कामावर जाणे आणि महिन्यातून एखाद वेळी ठाण्याला मुलीकडे जाणे, एवढाच तिचा वापर. जुलैमध्ये ठाण्याहून परतताना कसारा घाटात वाहतूक खोळंबली होती, त्या वेळी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडीच्या ओढीत काहीही फरक जाणवला नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी०१७१ हा कोड आला. त्यांनी एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर स्प्रेने साफ केला, पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेसात हजार रुपये घेतले आणि दिवा घालवून दिला. नवव्या दिवशी तो पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजमध्ये पी०१७१ बरोबर पी०४२० हाही कोड निघाला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू निवळणारा भाग) खराब झाला असून तो बदलण्यास पन्नास हजारांच्या वर खर्च येईल असे सांगण्यात आले. अमेरिकेतील भाच्याने पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट लावून पाहण्यास सुचवले, तेही करून झाले. हल्ली सिग्नलला थांबल्यावर इंजिन किंचित थरथरते आणि आरपीएमचा काटा वर-खाली होतो. पहिल्या गॅरेजने दिलेला स्कॅनरचा कागद सोबत जोडला आहे. कन्व्हर्टर बदलावा का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तूर्त बदलू नये. आपण जोडलेला कागद हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा आहे, आणि तो दोन्ही गॅरेजांनी नीट वाचलेला दिसत नाही.

पी०१७१ या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनात जळणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. हा कोड कोणत्याही सुट्या भागाचे नाव सांगत नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि हे प्रमाण राखले जाते की नाही यावर पुढचा ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या नळीतून सतत लक्ष ठेवत असतो. हवा जास्त झाली की तो तसे कळवतो आणि इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवतो. वाढवून वाढवून ठरलेली मर्यादा ओलांडली, की तो दिवा लावतो. आपल्या गाडीतील सेन्सर आपले काम चोख करत होता, म्हणूनच तक्रार नोंदवली गेली. सेन्सर स्वतः बिघडला असता तर बहुधा पी०१३० ते पी०१३५ या गटातील कोड आला असता. तक्रार करणाऱ्यालाच बदलून टाकणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार झाला. (गंगापूर रोडच्या सोमेश्वराचा यात काही दोष नाही.)

मग दिवा नऊ दिवस गेला कसा, असे आपण विचाराल. तो सेन्सर बदलल्यामुळे गेला नाही. स्कॅनरने कोड पुसल्यामुळे गेला. कोड पुसताना पेट्रोल किती वाढवायचे याचे संगणकाने शिकून ठेवलेले आकडेही शून्यावर येतात. ते पुन्हा शिकून मर्यादेपर्यंत पोहोचायला गाडीला काही दिवस लागतात, आणि दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय असा दिवा सहसा लागतही नाही. यातून आणखी एक गोष्ट निघते. घाटात दिवा लागला म्हणून आपण घाटाला दोष देत असाल, परंतु दोषाची पहिली नोंद त्याआधीच्या एखाद्या फेरीत, कदाचित मायको सर्कलच्या सिग्नलला उभे असतानाच, झालेली असणार.

आता कागदाकडे वळू. कोडच्या खाली ‘फ्रीझ फ्रेम’ या मथळ्याखाली जे आकडे छापले आहेत, ते दोष नोंदवला गेला त्या क्षणाची स्थिती दाखवतात. त्यात इंजिनाचे तापमान ९१ अंश, आरपीएम ६९०, इंजिनावरील भार २७ टक्के आणि वेग शून्य आहे. म्हणजे गाडी चढ चढत नव्हती, उभी होती. त्याखाली पेट्रोलच्या दुरुस्तीचे दोन आकडे आहेत. तात्कालिक दुरुस्ती, जिला स्कॅनरवर ‘शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम’ म्हणतात, ती अधिक ९.४ टक्के आहे, आणि दीर्घकालीन, म्हणजे ‘लाँग टर्म’, अधिक १७.२ टक्के. दोन्हींची बेरीज २६.६ टक्के होते. निरोगी इंजिनात ही बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असावी. आपले इंजिन नुसते उभे असताना हिशेबापेक्षा सव्वापट पेट्रोल घेत होते.

पेट्रोल कमी पडण्याची कारणे ढोबळमानाने तीन असतात. एक, पेट्रोलच कमी दाबाने येते, म्हणजे पंप थकलेला असतो किंवा त्याची जाळी तुंबलेली असते. दोन, एमएएफ सेन्सर आत येणारी हवा कमी मोजतो. तीन, मोजमापाच्या जागेपुढे कुठेतरी फट पडून न मोजलेली हवा आत शिरते. पहिल्या दोन कारणांत त्रास भार वाढल्यावर उघडा पडतो. इगतपुरीकडे चढताना गाडी दमली असती, ओव्हरटेक करताना पिकअप मिळाला नसता. आपण तर ओढीत फरक नाही असे लिहिता. तिसऱ्या कारणाचे वागणे नेमके उलटे असते. दीड लिटरच्या आसपासचे इंजिन उभ्या गाडीत सेकंदाला जेमतेम दोन-तीन ग्रॅम हवा घेते आणि त्या वेळी थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असल्याने आतली ओढ सर्वांत तीव्र असते. त्यामुळे अर्धा ग्रॅम चोरवाटेने आली तरी हिशेब बिघडतो. तेच इंजिन महामार्गावर यापेक्षा कितीतरी पट हवा घेत असते, तिथे तो अर्धा ग्रॅम कुणाच्या लक्षातही येत नाही. उभ्या गाडीत थरथर, हलणारा काटा आणि रस्त्यावर मात्र ठणठणीत, ही लक्षणे पाहता माझा कौल ‘इंजिन बाहेरून हवा घेत आहे’ यालाच आहे.

याची खातरजमा पाच मिनिटांत होते. इंजिन पूर्ण गरम करून स्कॅनरवर दोन्ही ट्रिम पाहाव्यात, नंतर ॲक्सिलरेटर दाबून २,५०० आरपीएमवर अर्धा-एक मिनिट इंजिन स्थिर ठेवावे. बेरीज पंचवीसच्या घरातून पाच-सातवर उतरली, तर फट आहे हे नक्की समजावे. उतरण्याऐवजी वाढली, तर पेट्रोलच्या दाबाला गेज लावण्यास सांगावे.

फट शोधण्याची सर्वांत चांगली पद्धत धुराची आहे. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गात, हलक्या दाबाने धूर सोडतात आणि जिथून धूर निघतो तिथे चोर सापडतो. हे यंत्र प्रत्येक गॅरेजमध्ये नसते, तेव्हा जाण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे. ते न मिळाल्यास एक-दोन फूट रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक इनटेकच्या जोडांवरून फिरवावे, फुसफुस स्पष्ट ऐकू येते. हाताची बाही, ओढणी आणि ती नळी पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावी. काही मेकॅनिक चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आवाजातील बदल पाहतात. तो द्रव भडकणारा असतो आणि खाली तापलेली सायलेन्सरची नळी असते, म्हणून मला ती पद्धत पसंत नाही. साध्या पाण्याच्या बारीक फवाऱ्याने, इग्निशन कॉइल आणि कपलर (वायरींचे जोड) सांभाळून, हेच काम बऱ्यापैकी साधते.

सर्वप्रथम पाहायची जागा म्हणजे इंजिनातील वाफ इनटेककडे परत नेणारी पीसीव्हीची रबरी नळी. अकरा-बारा वर्षांच्या उष्णतेने ही नळी बाहेरून शाबूत दिसते, पण कोपरावर, खालच्या बाजूला, उभी चिरलेली असते. आरसा धरल्याखेरीज ती चीर दिसत नाही, बोटाने मात्र लागते. त्यानंतर ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी पाहावी. तिच्यात फट असेल तर ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा कडक लागू लागते आणि मग दिव्याचा प्रश्न बाजूला ठेवून ते काम त्याच दिवशी करावे लागते. टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, तर त्याची नळी चिमट्याने कापड लावून क्षणभर दाबताच आरपीएम बदलते. शेवटी इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडातील, गॅस्केट. एअर फिल्टर बदलताना त्याच्या पुढच्या जाड नळीची क्लिप अर्धवट बसवली जाते, हेही अनेकदा घडते. यापैकी पहिला दोष निघाला तर भागाची किंमत काही शे रुपयांपलीकडे जाऊ नये.

कन्व्हर्टरबद्दल. पी०४२० हा कोड मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीवर ठरतो. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत हेलकावत असतो, तर कन्व्हर्टर ठीक असल्यास मागच्याचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच हेलकावू लागला, की संगणक कन्व्हर्टरला दोषी धरतो. मात्र मिश्रणच बिघडलेले असेल, किंवा सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर ही साक्ष विश्वासार्ह राहत नाही. आधी पी०१७१ चे मूळ काढावे, कोड पुसावा, आठ-पंधरा दिवस नेहमीसारखी गाडी चालवावी, आणि त्यानंतरही पी०४२० एकटा परत आला तरच कन्व्हर्टरचा विचार करावा. बदलण्याची वेळ आलीच, तर जुना कन्व्हर्टर मागून घ्यावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम असते आणि भंगारातही त्याला चांगला भाव मिळतो, ही गोष्ट ग्राहकाला सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

भाच्याचा सल्ला त्याच्या देशात योग्यच आहे. तिथल्या गाड्यांत टाकीच्या वाफेची गळती तपासण्याची यंत्रणा असते आणि सैल झाकणानेही दिवा लागतो. आपल्याकडील आपल्या गाडीच्या काळातील बहुतेक गाड्यांत ती तपासणीच नाही, आणि पी०१७१ चा तर झाकणाशी संबंधही नाही.

हल्ली प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे, म्हणून तेही सांगतो. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे १० टक्क्यांऐवजी २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर संगणकाला तीन-चार टक्के इंधन वाढवावे लागते. आपल्या २६ टक्क्यांत त्याचा वाटा असलाच तर तेवढाच. काठावर आलेल्या गाडीला तो पलीकडे ढकलू शकतो, पण फट त्याने पाडलेली नाही.

प्रश्न : खंडेनवमीला पूजेसाठी गाडी धुताना मुलाने बॉनेट उघडून इंजिनही प्रेशरच्या पाण्याने धुतले. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही पाच जण सप्तशृंग गडावर निघालो. वणीपर्यंत काही नाही, परंतु नांदुरीच्या पुढे चढ लागल्यावर गाडी आचके देऊ लागली आणि इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला. एसी बंद करून तशीच हळूहळू वर नेली. खाली उतरताना दिवा स्थिर झाला व दोन दिवसांनी आपोआप गेला. आता गाडी ठीक चालते. तरीही दाखवावी का?
— एक वाचक भगिनी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : अवश्य दाखवावी. स्थिर दिवा ‘सवडीने तपासा’ असे म्हणतो, लुकलुकणारा दिवा ‘आत्ता थांबा’ असे म्हणतो. या दोन्हींतील फरक गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, पण ती पुस्तिका बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असते.

झाले असे असावे. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक खोल विहिरीसारखी खाच असते, तिच्या तळाशी प्लग आणि वर इग्निशन कॉइल बसते. प्रेशरचे पाणी कॉइलच्या रबरी टोपीखालून या विहिरीत उतरते आणि तिथेच साचते. सपाट रस्त्यावर ठिणगी पडायला तुलनेने कमी व्होल्टेज पुरते. चढावर सिलिंडरमधील दाब वाढतो, अधिक व्होल्टेज लागते, आणि मग वीज प्लगमधून न जाता ओल्या रबराच्या कडेने इंजिनाच्या धातूत उतरते. ठिणगी चुकते, गाडी मिसिंग मारते. म्हणून वणीपर्यंत काही जाणवले नाही आणि घाटात त्रास झाला.

न जळलेले पेट्रोल त्या वेळी थेट कन्व्हर्टरमध्ये जाते व तिथे पेटते. कन्व्हर्टर तसाही काहीशे अंशांवर तापलेला असतो. तापमान त्याहून फारच वाढले की आतील चिनी मातीची जाळी वितळू लागते. दिवा लुकलुकतो तो याच धोक्यासाठी. अशा वेळी एसी बंद करणे योग्य होते, परंतु चढ चढत राहणे योग्य नव्हते. वळण टाळून पहिल्या रुंद जागेत गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचे आणि टोइंगची वाट पाहायची. पाच माणसे घेऊन घाटात असे थांबणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे, तरीही.

आता गॅरेजमध्ये जाताना दिवा गेला आहे म्हणून स्कॅनर लावण्याची गरज नाही, असे कुणी म्हटले तर ऐकू नये. दिवा गेला तरी कोड बराच काळ साठवलेला राहतो. पी०३०२ असा कोड मिळाला, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. पी०३०० असेल तर दोष एकापेक्षा अधिक सिलिंडरांत फिरता आहे. थंड इंजिनावर कॉइल काढून विहिरीत पाणी, गंज किंवा प्लगच्या पांढऱ्या भागावर काळी रेघ दिसते का ते पाहावे. प्लग सोडण्यापूर्वी विहीर हवेने फुंकून घेण्यास सांगावे, नाहीतर तळातील पाणी आणि वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. पाण्याऐवजी ऑइल आढळले तर टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) गॅस्केट बदलावे लागेल.

सारे कोरडे करूनही मिसिंग परत आले, तर चारही कॉइल विकत घेण्यापूर्वी एक बिनपैशाची चाचणी करावी. समजा कोड पी०३०२ आहे, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवून गाडी चढावर न्यावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच दोषी. तो पी०३०२ वरच राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करावा, आणि त्यानंतरच इंजेक्टर व कॉम्प्रेशनकडे वळावे. कन्व्हर्टरला इजा झाली असल्यास गाडीखालून खडे हलल्यासारखा आवाज येतो किंवा वेगात गाडी कोंडल्यासारखी वाटते. यापैकी काही नसेल आणि पी०४२० ही नसेल, तर आपण थोडक्यात वाचलात.

पुढच्या खंडेनवमीला इंजिनाला ओल्या फडक्याने पुसून हार घालावा.

प्रश्न : गाडी रात्री कांदा चाळीशेजारच्या शेडमध्ये उभी असते. दिवा लागला असून कोड पी०११३ आहे. सेन्सर मागवला आहे, आठ दिवसांत येईल. तोवर गाडी वापरावी का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : वापरण्यास हरकत नाही. पी०११३ हा कोड आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा आहे, म्हणून सेन्सर बसवण्यापूर्वी स्कॅनरवर ते तापमान पाहावे. ते उणे ४० अंश दिसत असेल तर वायर तुटलेली आहे, कपलर सुटलेला आहे किंवा सेन्सर आतून तुटला आहे, हे जवळपास निश्चित. निफाडची थंडी महाराष्ट्रात कितीही नावाजलेली असली, तरी उणे ४० तिथे आजवर पडलेली नाही. कपलर काढून त्याच्या दोन टोकांना तारेचा एक तुकडा जोडावा. आकडा एकदम प्रचंड वाढला तर वायरिंग शाबूत असून सेन्सरच गेला आहे. आकडा हलला नाही तर बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या व कुरतडलेले वेष्टण शोधावे. जोड देताना सोल्डर करून त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवून घ्यावी. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसात पुन्हा दिवा लावतो. चाळीजवळ विष टाकले आणि उंदीर इंजिनाच्या कोनाड्यात जाऊन मेला, तर तो शोधण्यापेक्षा सेन्सर बदलणे सोपे वाटू लागते, म्हणून पिंजराच बरा.

प्रश्न : मोबाइलशी जोडले जाणारे स्वस्त स्कॅनर घरी घ्यावे का? दिवा लागल्यावर बॅटरीची वायर काढून तो घालवता येतो, ते खरे का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : घ्यावे. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही, गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची, व्यवस्था लागू झाली. त्या गाड्यांत चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डखाली, सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात ब्लूटूथचा साधा स्कॅनर बसतो, आणि कोड, फ्रीझ फ्रेम व ट्रिम हे तिन्ही मोबाइलवर दिसतात. एअरबॅग व एबीएसचे कोड मात्र अशा स्कॅनरवर सहसा दिसत नाहीत. त्याहून जुन्या गाडीत सॉकेट दिसला तरी सगळी माहिती मिळेलच असे नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी कुणाचा तरी लावून पाहावा.

बॅटरीची वायर काढल्यास दिवा जातो हे खरे, पण त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, आणि वरच्या पहिल्या उत्तरातील वाचकांचे निदान ज्या कागदावर उभे आहे तोच कागद आपण जाळलेला असतो. कोड पुसायचाच असेल तर आधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा. आणि हा स्कॅनर सॉकेटमध्ये तसाच ठेवून गावाला जाऊ नये. गाडी बंद असतानाही तो थोडी वीज घेत राहतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी परतल्यावर बॅटरी उतरलेली सापडते.